दारावरचं पिवळं फडकं

सोमवार

ही डायरी ताईने दिली. औषधाच्या दुकानाने कधीतरी फुकट वाटलेली आहे, तारखा भलत्याच वर्षाच्या, म्हणून मी तारखा खोडून नुसता वार लिहिणार. ताईचं म्हणणं, तुझं एक काम धड शेवटाला जात नाही, निदान काय अर्धवट टाकलंस ते तरी लिहून ठेव. फरशीचं दुकान, मालट्रकवरची क्लीनरकी, मांडववाल्याकडची बांबू उचलण्याची नोकरी, एवढं लिहिलं तरी आधीची पानं भरतील. पण ते राहू दे.

ताईने फोन करून बोलावलं, चार दिवस येऊन राहा म्हणाली. मला वाटलं, बिचारीला आठवण आली. आलो तर दाजींनी पहिल्या संध्याकाळी विचारलं, पाठीचं काही दुखणं वगैरे नाही ना? सहज विचारलं असेल.

घर दोन खोल्यांचं, वर माळा. समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मधे मातीचा बांध आहे आणि गल्ली बांधापेक्षा खाली. ज्याने इथे पहिलं घर बांधलं त्याला कोणी विचारलं कसं नाही कोण जाणे. वादळाचे दिवस आता सुरू होतील. दाजी वीज कंपनीत वायरमन, म्हणजे वादळ आलं की सगळे घरात जातात आणि दाजी घराबाहेर. घरी उरतात ताई आणि मावशी. मावशी म्हणजे ताईच्या सासूबाई. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून वॉकर धरून चालतात, तेही घरातल्या घरात. दाजींनी संडासात त्यांच्यासाठी उंच भांडं बसवलंय आणि भिंतीला लोखंडी दांडा. दिवसभर मशीनवर गल्लीचे कपडे शिवतात. मला 'पाहुणे' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. सुनेच्या माहेरचा ना मी. नातवाच्या वयाच्या माणसाला अहो केलं की त्याला उगाच दाढी करावीशी वाटते.

ताईने कोपऱ्यातली पिशवी दाखवली. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, गोळ्या, बॅटरी, काडेपेटी, बिस्किटं, मावशींचा जास्तीचा चष्मा. इशारा आला की ही पिशवी तिच्या खांद्यावर आणि मावशी माझ्या पाठीवर, तिची पाठ हल्ली धरते म्हणून. मी म्हटलं बरं. पिशवीतला बिस्किटाचा एक पुडा जुना वाटत होता, तो संपवला.

बुधवार

आज वादळाची रंगीत तालीम होती. गल्लीच्या समितीचे प्रमुख कंडक्टरकाका. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण हातातल्या कर्ण्यावर अजून तेच, दारात गर्दी करू नका, पुढे सरका, मागे जागा रिकामी आहे. त्यांनी पुन्हा एकदा पिवळ्या फडक्याचा नियम सांगितला. घरातला शेवटचा माणूस बाहेर पडला की फडकं बाहेरच्या कडीला बांधायचं. फडकं दिसलं म्हणजे घर रिकामं, मदतीची माणसं तिथे थांबणार नाहीत, पुढच्या दाराला जातील. नसलं तर दार फोडतील. फडकी मावशींनीच शिवलीत, चारही बाजूंना दुहेरी टीप घालून. वादळात धागा निघाला तर त्यांना चालणार नाही.

मावशींनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. विचारलं तर म्हणाल्या इच्छा नाही. मी त्यांना पाठीवर घेतलं. वजनाला काही नाहीत, पण लाकडाच्या फळीसारख्या ताठ, आणि श्वास रोखून धरलेला. मी म्हटलं, मावशी, श्वास घ्या, त्याचं वजन होत नाही.

शाळा चढावर आहे. सगळ्यांना मोठ्या वर्गात बसवलं. सरकारी ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं की मेन स्विच बंद करा, गॅस बंद करा, पिण्याचं पाणी भरून ठेवा, अडकलात तर शिट्टी वाजवा. शिट्टी मी वाजवून पाहिली. बाई थांबल्या आणि सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली. भाषण खूप लांबलं. ताई मावशींना पाणी देत होती, त्या तोंड फिरवत होत्या. तोंड लालबुंद. मग म्हणायला लागल्या, घरी चला, आत्ताच्या आत्ता. परत आलो तर पाठीवरून उतरल्या आणि वॉकर टकाटक आपटत थेट संडासात. मी ताईला म्हटलं, शर्यतीत उतरवलं तर नंबर काढतील. ताई हसली नाही. तिला हल्ली विनोद कळत नाहीत.

संध्याकाळी मावशींनी जाहीर केलं की पुन्हा त्या शाळेत पाऊल टाकणार नाही. दाजींनी कारण विचारलं. म्हणाल्या, माझी मशीन पाण्यात जाईल आणि मी तिथे भाषणं ऐकत बसू?

शुक्रवार

मशीनचा प्रश्न मी सोडवला. मांडववाल्याकडे शिकलेली गाठ कामाला आली. माळ्याच्या तुळईला कप्पी अडकवली, दोर घातला आणि एका हाताने मशीन वर. लगेच खाली. पुन्हा वर. ताई म्हणाली पुरे. पण कप्पीचा आवाज फार छान येतो.

मावशींनी बघितलं, म्हणाल्या, हात चांगला आहे पाहुणे तुमचा. मग थोड्या वेळाने, पण घर उघडं टाकलं की चोर येतात. बाजारात जाऊन भक्कम कुलूप आणलं. वाटेत एक माणूस सायकलच्या ट्यूबपासून पिशव्या करत होता, त्याच्याकडे बराच वेळ गेला. परत आलो तोवर तिसरी अडचण तयार होती. शाळेत ढेकूण आहेत.

शनिवार

शाळेत ढेकूण नाहीत. शिपायाने किल्ली दिली, मी सगळी बाकं उलटी करून पाहिली. एका वर्गात पृथ्वीचा गोल आहे, तो फिरवून बोट ठेवलं तर दर वेळी समुद्रातच पडतं. संडास मैदानाच्या पार टोकाला, तीन, उकिडवं बसायचे. एकाला कडी नाही. एकात बेडूक होता. मी दारात बसून त्याच्याकडे बघत राहिलो. बेडकासारखं बसणं माणसाला जन्मभर जमलं असतं तर खुर्च्या करणाऱ्यांनी काय केलं असतं?

घरी येऊन मावशींना सांगितलं, एकही ढेकूण नाही. त्यांनी सुईत दोरा ओवत विचारलं, आणि बाकी? मी पृथ्वीच्या गोलाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, हं.

मंगळवार

लंब्याचा फोन. लंब्या म्हणजे मांडववाल्याकडचा माझा दोस्त. आता तो आकाशपाळण्याच्या टोळीत आहे, जत्रेतून जत्रेत. एक जागा रिकामी झालीय. काम काय, तर पाळणा जोडायचा, फिरवायचा, उतरवायचा आणि पुढच्या गावाला. मला तर वाटलं हे काम माझ्यासाठीच कोणीतरी शोधून काढलंय. शनिवारच्या बसने येतो म्हणालो.

ताईला सांगितलं तेव्हा ती पिशवीतल्या गोळ्या बदलत होती. काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं मला कळत नाही, ओरडली तर कळतं. मग म्हणाली, मागच्या वादळाचं तुला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही गेलोच नव्हतो. मावशी हलेनात. पाणी खाटेपर्यंत आलं. मी त्यांना टेबलावर चढवलं आणि त्यांची कंबर धरून दिवसभर तशीच पाण्यात उभी राहिले. सुटले असते तर त्या पडल्या असत्या. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा माझी बोटं उघडेनात.

मी विचारलं, तेव्हा का नाही आल्या? ताई म्हणाली, तेव्हा मांजर व्यालं होतं म्हणे. आमच्याकडे मांजर नव्हतंच.

गुरुवार

दाजी मला कामावर घेऊन गेले. झाडाच्या फांद्या तारांवर येतात त्या छाटायच्या होत्या. मी फांद्या ओढत होतो, ते खांबावर. वरून गल्ली कशी दिसते विचारलं तर म्हणाले, खड्डा दिसतो. खाली उतरून हातमोजे काढता काढता म्हणाले, शनिवारी जातोयस असं ऐकलं, जा. मग बराच वेळ बोटं चोळत राहिले. म्हणाले, मला वर चढताना भीती नाही वाटत रे. घरी काय चाललं असेल ते डोक्यात आलं की हात थांबतो, आणि वर हात थांबून चालत नाही.

मी म्हटलं, मावशींना समजावून सांगा. ते म्हणाले, आईला मी काय सांगणार? मुलगा आहे मी तिचा. हे काय उत्तर झालं? पण त्यांना ते उत्तर वाटत होतं.

हवा बंद आहे. अंगाला चिकटते. मला अशा हवेत एका जागी बसवत नाही. म्हणजे तसं कुठल्याच हवेत बसवत नाही.

रविवार, शाळेत

शुक्रवारी सकाळीच इशारा आला. जत्रेचा विषयच संपला, बस बंद. लंब्याला कळवलं, तो म्हणाला दुसरा माणूस घेतो. बरं म्हणालो.

दाजी पहाटेच कामावर गेले होते. कंडक्टरकाकांचा कर्णा गल्लीतून फिरला, टेम्पो निघतोय, बायका-मुलं आणि सामान आधी. मी गॅस बंद केला, मेन स्विच पाडला, मशीन वर चढवली, फ्रिज विटांवर घेतला. मावशी तयार होऊन बसल्या होत्या, नवी साडी, केस विंचरलेले. मला हायसं वाटलं. म्हणाल्या, पाहुणे, तुम्ही हिला आणि सामानाला घेऊन पुढे व्हा, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला मी सांगून ठेवलंय, तो मला आणेल. फडकं माझ्याजवळ द्या, निघताना बांधते. मी दिलं. उलट बरंच वाटलं, पाठ वाचली.

शाळेत रिक्षावाला भेटला. एकटा. विचारलं तर म्हणाला, आजी म्हणाल्या पाहुणे पाठीवरून नेणार आहेत, तू थांबू नकोस. ताई तिथल्या तिथे खाली बसली. कंडक्टरकाका म्हणाले, घाबरू नका, शेवटची फेरी आत्ताच मारली, तुमच्या दाराला फडकं आहे, घर रिकामं. सगळे माझ्याकडे बघत होते, शिट्टी वाजवल्यावर बघत होते तसे. ताईने मान वर केली आणि हळू म्हणाली, खिडकीतून त्यांचा हात कडीपर्यंत पोचतो.

मी पळालो. मागे काका कर्ण्यावरून माझ्या नावाने शंख करत होते. चढ उतरलो तर पावसाने समोरचं दिसेना, आणि गल्लीच्या तोंडाशी पाणी पिंढरीपर्यंत. बांध फुटला नव्हता, वरून ओसंडत होता. दारावर फडकं होतं, गाठ पक्की. दार आतून बंद. मी ठोकलं.

आतून मावशी म्हणाल्या, "घरात कोणी नाही."

मला हसू आलं आणि रडूही येत होतं. म्हटलं, उघडा नाहीतर खिडकी तोडतो. मग वॉकरचा आवाज. दार उघडलं आणि माझ्याबरोबर पाणीही आत आलं. मी म्हटलं, मशीन वर आहे, कुलूप आहे, ढेकूण नाहीत, आता काय राहिलं? त्या खाटेच्या कडेला बसल्या. माझ्याकडे न बघता बोलल्या.

"मला खाली बसता येत नाही रे. उकिडवं. हाड मोडल्यावर पहिल्यांदा नेलं होतं शाळेत, तेव्हा ही माहेरी होती, दोन बायकांनी धरलं. तरी नाही जमलं. साडी खराब झाली. सगळ्या गल्लीसमोर तशीच चालले मी. त्यांचेच कपडे शिवते ना मी."

मी म्हटलं, "एवढंच?"

"एवढंच," मावशी म्हणाल्या.

ताईला का नाही सांगितलं विचारलं. म्हणाल्या, ती मला धरायला येईल, आणि तिच्या पाठीचे हाल तूच बघतोस. मुलाला सांगायची ही गोष्ट आहे का? आणि तू तर सुनेचा भाऊ. तुझ्या पाठीवर बसायचं आणि मधेच सांगायचं की मला थांबव? त्यापेक्षा मी इथे बरी.

समोर प्लास्टिकची खुर्ची तरंगायला लागली होती, मी ती धरली, म्हणजे हाताला चाळा म्हणून. धरल्यावर सुचलं. दाजींच्या पेटीतून करवतीचं पातं काढलं आणि खुर्चीची बैठक मधून कापायला घेतली. मावशी विचारायला लागल्या हे काय. मी म्हटलं, सरळ बसायचं, खाली बादली. कापून झाली तर कडा धारदार राहिली, ती टोचेल. ती घासत बसलो. मग वाटलं भोक फार पुढे आलंय, मागून थोडं आणखी काढावं. मावशी म्हणाल्या, अरे, पाणी गुडघ्याला आलं. मी म्हटलं, एक मिनिट. मग कडेला गुंडाळायला कापड हवं होतं, तर त्यांनीच चिंधीच्या गाठोड्यातून काढून दिलं आणि म्हणाल्या, तू मला शाळेत नेणार आहेस की इथेच दुकान काढणार आहेस?

शेवटी निघालो. मावशी माझ्या पाठीवर, बादलीचं कडं माझ्या कोपरात आणि खुर्ची उलटी त्यांच्या डोक्यावर, पाय आकाशाकडे. आज ताठ नव्हत्या. उलट वारा आला की खुर्ची एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे. एकदा मी खड्ड्यात गेलो, छातीपर्यंत. मावशींनी माझे केस असे धरले की अजून डोकं दुखतंय. म्हणत होत्या, डावीकडे गटार आहे, उजवीकडे हो. पावसात मला काही दिसत नव्हतं, त्यांना गल्ली पाठ होती. चढावर कंडक्टरकाका दोर घेऊन आले होते. त्यांनी आधी खुर्चीकडे बघितलं, मग भोकाकडे, आणि पहिल्यांदाच कर्णा खाली ठेवला.

मोठ्या वर्गाच्या मागे सामानाची खोली आहे. तिथे दोरीवर चादर टाकली, खुर्ची ठेवली, बादली ठेवली. बाहेर येऊन मी ताईला म्हटलं, मावशींना एकट्यांनाच जाऊ दे. ताई बाजूला सरकली. आतून मावशी बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चहा मागितला. मग अजून एक कप.

काल दुपारपर्यंत चादरीपुढे रांग लागली. दिवस भरत आलेली एक बाई, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेले मास्तर, आणि ज्यांना काहीही झालेलं नाही असेसुद्धा. मैदानात पाणी होतं, संडासापर्यंत जाणार कोण? मावशी दाराशी बाकावर बसून कोणाचा नंबर ते बघतात. रांगेत घुसणाऱ्याला त्या कंडक्टरकाकांइतकंही चालवून घेत नाहीत. बादली मी ओततो. कोणीतरी ओतायला हवीच. दाजी संध्याकाळी आले, डोळे लाल, हात चिखलाने भरलेले. आईला तिथे बसलेलं बघून दारातच उभे राहिले. मग तिच्या पायाशी जमिनीवर आडवे झाले आणि झोपले. मावशींनी पदराने त्यांचं तोंड पुसलं, तरी जागे झाले नाहीत.

मंगळवार

घरात चिखल. खाटेची गादी गेली, टेबल गेलं. मशीन कोरडी. सकाळी मावशींनी कडीवरचं फडकं उतरवून धुतलं. मी म्हटलं, ही पद्धत बदलायला पाहिजे, कडी खिडकीपासून लांब लावा. त्या म्हणाल्या, लाव की मग. लावली. ताईची खिडकीही तिरकी होती, तीही सरळ केली. मग शेजारणीची.

मंगळवार

मधे लिहिलंच नाही. खुर्च्या कापत होतो. कंडक्टरकाकांनी समितीकडून चार आणल्या, कडांना मावशी कापड शिवतात. आता मला बसायचं भोक डोळे मिटून कापता येतं. हे घरी कोणाला सांगायचं तर पंचाईत.

पुन्हा इशारा आहे, उद्या दुपारचा. काकांनी मला एक काम दिलं. गल्लीत जे येत नाही म्हणतात त्यांच्याकडे जायचं. मावशी म्हणाल्या, मीही येते. तीन ठिकाणी तसंच केलं. मी बाहेर थांबलो, त्या वॉकर घेऊन आत गेल्या, दार लावून घेतलं. बाहेर आल्या की मला एवढंच सांगतात, हिला खुर्ची लागेल, किंवा याला बायकोशेजारी जागा नको. कारण विचारलं तर म्हणतात, तुला काय करायचंय?

शेवटचं घर बांधाजवळच्या म्हाताऱ्याचं. एकटाच राहतो, गच्चीवर कबुतरं पाळतो. मागच्या दोन्ही वेळी आला नव्हता. काकांचा कर्णा त्याच्या दारात वाजला तरी बाहेर डोकावला नाही, इतका माणूसघाणा. रेडिओ एवढा मोठा लावतो की कबुतरं कशी टिकतात कळत नाही. मी लांबूनच ओरडून विचारलं, आजोबा, उद्या येणार ना? त्याने मान हलवली, नुसतीच, हो की नाही ते कळेना. मग म्हणाला, कबुतरांना सोडून कसा येऊ.

मावशी आत गेल्या. रेडिओ बंद झाला. तोवर मी गच्चीवर जाऊन कबुतरांची खुराडी बघितली. जाळी उघडी ठेवली तर ती आपली आपण चढावरच्या झाडांवर जातील.

मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, उद्या येतोय तो. पण वर्गात त्याला पुढे बसव, कर्ण्यावर भरवसा ठेवू नकोस. निघायच्या वेळी जवळ जाऊन त्याच्या खांद्याला हात लाव. आणि त्याच्याशी बोलताना समोर उभा राहा, तोंड दिसेल असा.

मी विचारलं, आणि कबुतरं? मावशी म्हणाल्या, कबुतरांचं काही नाही.

काही नाही कसं? तो स्वतः म्हणाला. मी सकाळी आधी जाळी उघडणार आहे, आणि मग समोर उभा राहून त्याला सांगणार आहे.